‘कलेक्टर व्हायचंय’ हे स्वप्न झालं, उद्दिष्ट नाही! करिअरचं ध्येय नेमकं ठरवायचं कसं?

नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी म्हणजेच धडगाव. या सहा तालुक्यांच्या नंदुरबार जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार दर १०० लोकांपैकी जवळपास ६९ जण आदिवासी आहेत. त्याच जनगणनेत जिल्ह्याची साक्षरता होती ६४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे राज्यात सगळ्यात कमी.

याचा करिअरशी थेट संबंध आहे. घरातून पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढणारी मुलं-मुली इथे मोठ्या संख्येने आहेत. पुढे काय करायचं हे सांगायला अनेकांच्या घरात कुणी नोकरदार नसतो. मग उत्तर येतं ते आजूबाजूला दिसणाऱ्या पदांचं: कलेक्टर, फौजदार, मास्तर, नर्स.

पदाचं नाव घेण्यात चूक काहीच नाही. अडचण पुढे सुरू होते. पद ठरतं, पण उद्या सकाळी काय करायचं ते ठरत नाही. दोन-चार वर्षं ‘तयारी चालू आहे’ यातच जातात आणि घरच्यांनी विकलेल्या बकऱ्यांचा, उचललेल्या पैशांचा हिशेब मागे उरतो. म्हणूनच ध्येय ठरवणं हे नुसतं मोटिव्हेशनल रीलचं काम नाही. ती एक रीत आहे आणि ती शिकता येते.

ध्येय आणि उद्दिष्ट यात फरक काय?

बोलताना हे दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. पण करिअरचा विचार करताना ते वेगळे ठेवले तर बराच गोंधळ कमी होतो.

ध्येय म्हणजे लांबचं ठिकाण. ‘मला आरोग्य क्षेत्रात अधिकारी व्हायचं आहे’ हे ध्येय. उद्दिष्ट म्हणजे त्या वाटेवरचा पुढचा थांबा, तोही तारखेसह. ‘येत्या जूनपर्यंत जीएनएमच्या प्रवेशासाठी लागणारी सगळी कागदपत्रं तयार ठेवायची’ हे उद्दिष्ट.

ओळखण्याची सोपी खूण अशी: ठरलेल्या तारखेला ‘झालं की नाही?’ असं विचारल्यावर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच उत्तर देता आलं पाहिजे. ‘बऱ्यापैकी चाललंय’ असं उत्तर येत असेल, तर ते उद्दिष्ट नव्हतं.

राजेंद्र भारुड यांचा प्रवास काय सांगतो?

नंदुरबारमध्ये करिअरचा विषय निघाला की डॉ. राजेंद्र भारुड यांचं नाव येतंच. भिल्ल समाजातले भारुड मूळचे शेजारच्या धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातील सामोडे गावचे. वडील त्यांच्या जन्माआधीच गेले. आईने मोहाची दारू विकून घर चालवलं. पुढे हेच भारुड नंदुरबारचे जिल्हाधिकारी झाले. त्यांचं ‘मी एक स्वप्न पाहिलं’ हे पुस्तक २०१४ साली आलं आणि महाराष्ट्रभर वाचलं गेलं.

ही गोष्ट सहसा ‘झोपडीतून थेट कलेक्टरच्या खुर्चीत’ अशी सांगितली जाते. पण मधल्या पायऱ्या पाहिल्या तर वेगळंच चित्र दिसतं.

पहिली पायरी होती अक्कलकुव्याचं जवाहर नवोदय विद्यालय. नवोदय ही केंद्र सरकारची मोफत निवासी शाळा असते. सहावीच्या प्रवेशासाठी परीक्षा होते आणि किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. दुसरी पायरी मेडिकलची. बारावीनंतर २००६ मध्ये त्यांना मुंबईच्या केईएम रुग्णालयाशी जोडलेल्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात एमबीबीएसला प्रवेश मिळाला. यूपीएससीची तयारी त्यांनी याच शिक्षणाच्या शेवटच्या टप्प्यात केली. पहिल्यांदा निवड झाली ती भारतीय महसूल सेवेत. त्यानंतर पुन्हा परीक्षा देऊन ते २०१३ च्या तुकडीतून आयएएस झाले.

या प्रवासातली प्रत्येक पायरी स्वतःच्या पायावर उभी होती. यूपीएससी झाली नसती तर ते डॉक्टर होते. दुसऱ्यांदा आयएएस मिळालं नसतं तर महसूल सेवेतली नोकरी होती. एकही वर्ष असं नव्हतं की हरलं तर हातात काहीच राहणार नाही.

परिस्थिती कठीण असताना जिद्द लागतेच. पण ज्याच्या घरी चुकायला जागा कमी, त्याने पायऱ्या आणखी जवळ जवळ बांधाव्या लागतात. भारुड यांच्या गोष्टीतून उचलण्यासारखी गोष्ट ही आहे.

आकडे काय सांगतात?

यूपीएससीच्या २०२३ च्या नागरी सेवा परीक्षेसाठी देशभरातून १०,१६,८५० जणांनी अर्ज केले. पूर्वपरीक्षेला प्रत्यक्ष बसले ५,९२,१४१ जण. शेवटी निवड झाली १,०१६ जणांची. म्हणजे परीक्षेला बसलेल्या दर ५८० जणांमागे साधारण एक.

हे आकडे घाबरवण्यासाठी नाहीत. उरलेल्या लाखोंकडे परीक्षेबाहेर काय होतं, हा खरा प्रश्न आहे. फक्त पदाचं नाव ठरवलेल्या उमेदवाराकडे निकालाच्या दिवशी ‘झालं’ किंवा ‘संपलं’ असे दोनच पर्याय उरतात. पायऱ्या ठरवलेल्याकडे तिसरा पर्याय असतो.

संशोधन काय म्हणतं?

उद्दिष्टांवरचं सगळ्यात गाजलेलं संशोधन अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडविन लॉक यांचं. १९६८ साली त्यांनी मांडलं की ‘जमेल तेवढं कर’ असं सांगण्यापेक्षा नेमकं आणि थोडं अवघड उद्दिष्ट दिलं तर माणसं जास्त काम करतात. पुढे गॅरी लॅथम यांच्यासोबत त्यांनी हा सिद्धांत वाढवला.

लॅथम आणि बाल्डीस यांचा १९७५ चा एक अभ्यास शहादा-तळोद्याच्या वाचकाला लगेच कळेल. रस्त्यावर उसाने भरलेल्या ट्रॉल्या जाताना जिथे रोज दिसतात, तिथे वेगळं समजावायची गरज नाही. अमेरिकेतल्या ओक्लाहोमामध्ये लाकडं वाहणारे ट्रक कायद्याने जेवढं वजन नेता येतं त्याच्या साधारण ६० टक्केच भरून निघायचे. ‘नीट भरा’ असं सांगून काही फरक पडत नव्हता. मग चालकांना नेमका आकडा दिला गेला: ९४ टक्के. जादा पैसे कुणाला दिले नाहीत, तरी काही महिन्यांत भरण ९० टक्क्यांच्या आसपास पोहोचलं.

‘चांगला अभ्यास कर’ आणि ‘रविवारपर्यंत मागच्या वर्षीच्या दोन प्रश्नपत्रिका सोडव’ यात हाच फरक आहे.

पण याच संशोधनाची दुसरी बाजू फारशी सांगितली जात नाही. काम अगदीच नवीन असेल तर निकालाचं अवघड उद्दिष्ट उलटंही पडतं. अशा वेळी आधी शिकण्याचं उद्दिष्ट ठेवावं, असं लॅथम आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढच्या अभ्यासांतून दिसलं. घरातून पहिल्यांदाच स्पर्धा परीक्षा देणाऱ्यासाठी ही बाब महत्त्वाची आहे. पहिल्या सहा महिन्यांत ‘इतके मार्क’ असं ठरवण्यापेक्षा ‘अभ्यासक्रम समजून घेणं आणि कोणत्या विषयात काय येत नाही याची यादी करणं’ हे उद्दिष्ट जास्त उपयोगी पडतं. मार्कांचा आकडा त्यानंतर.

‘स्मार्ट’ उद्दिष्ट म्हणजे काय?

ऑफिसच्या ट्रेनिंगपासून इन्स्टाग्रामपर्यंत सगळीकडे फिरणारा हा शब्द १९८१ साली जॉर्ज डोरन यांच्या एका लेखातून आला. इंग्रजीतल्या पाच शब्दांची आद्याक्षरं जोडून तो बनला आहे. मराठीत सांगायचं तर उद्दिष्ट नेमकं असावं, मोजता यावं, गाठता येण्यासारखं असावं, आपल्या ध्येयाशी जोडलेलं असावं आणि त्याला मुदत असावी.

गंमत म्हणजे डोरन यांच्या मूळ लेखात ‘ए’ हे अक्षर ‘गाठता येण्यासारखं’ यासाठी नव्हतंच. ते होतं ‘कोण करणार?’ यासाठी. एकट्याच्या करिअरमध्ये हा प्रश्न विनाकारण वाटतो. पण पैसे कोण भरणार, घरच्या शेतीच्या कामातून सुट्टी कोण देणार, तालुक्याला जाऊन दाखला कोण आणणार, हे नावानिशी ठरलं नाही तर चांगली योजनाही अडकते.

जिल्ह्यालाही उद्दिष्टं दिली जातात!

जानेवारी २०१८ मध्ये केंद्र सरकारने ‘आकांक्षित जिल्हे’ कार्यक्रम सुरू केला. महाराष्ट्रातून त्यात चार जिल्हे आले: नंदुरबार, गडचिरोली, वाशिम आणि तेव्हाचं उस्मानाबाद, म्हणजे आताचं धाराशिव.

या कार्यक्रमात ‘जिल्ह्याचा विकास करा’ एवढंच सांगून थांबलं नाही. आरोग्य आणि पोषण, शिक्षण, शेती आणि पाणी, आर्थिक समावेशन आणि कौशल्य, पायाभूत सुविधा असे पाच विषय ठरले. त्याखाली ४९ निर्देशक ठरले. दर महिन्याला जिल्ह्यांची क्रमवारी लागते आणि त्यात जिल्ह्याने मागच्या महिन्यापेक्षा किती सुधारणा केली हे पाहिलं जातं.

करिअरसाठी यातली शेवटची गोष्ट उचलण्यासारखी आहे. पुण्यात क्लास लावलेल्या मित्राच्या स्टेटसशी तुलना करून काहीच कळत नाही. मागच्या महिन्यातल्या स्वतःशी तुलना केली तर कळतं.

वेळेआधी पायरी बांधण्याचं उदाहरणही याच जिल्ह्यात आहे. २०२० मध्ये कोरोनाची पहिली लाट ओसरत असतानाच, भारुड जिल्हाधिकारी असताना, नंदुरबारमध्ये ऑक्सिजन निर्मितीचा प्रकल्प उभा राहिला. पुढे त्यात भर पडली. एप्रिल २०२१ मध्ये देशभर ऑक्सिजनसाठी धावाधाव सुरू झाली तेव्हा या जिल्ह्याकडे स्वतःची सोय होती. गरज पडेल त्या दिवसापासून मागे मोजत आलं की आजचं काम काय ते दिसतं.

मग उद्दिष्ट लिहायचं कसं?

काही नमुने पाहू. यातली माणसं काल्पनिक आहेत, पण वाटा खऱ्या आहेत.

*जीएनएम झालेली नर्स.* खासगी दवाखान्यात काम करते. ध्येय आहे सरकारी सेवेत वरच्या पदावर जाण्याचं. तिच्यासाठी दोन वर्षांचा पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग हा पुढचा टप्पा असू शकतो. उद्दिष्ट असं: ‘या महिन्यात परिचर्या परिषदेकडची नोंदणी चालू आहे का ते तपासायचं, मार्चपर्यंत दोन कॉलेजांची फी आणि वसतिगृहाची माहिती लिहून काढायची.’

*अंगणवाडी सेविका.* पुढची पायरी मुख्यसेविकेची. सेविकांमधून ही पदं भरताना शिक्षणाच्या आणि अनुभवाच्या अटी असतात. बारावी झालेल्या सेविकेला नोकरी न सोडता पदवी घेता येते. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून याचसाठी आहे. उद्दिष्ट असं: ‘यंदा प्रथम वर्षाला प्रवेश, तीन वर्षांत पदवी.’ जाहिरात येईल तेव्हा येईल. ती येण्याआधी पात्रता तयार हवी.

*आयटीआय वेल्डर.* नंदुरबार सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर आहे, त्यामुळे कामासाठी सुरत जवळचं. त्याचं ध्येय एखादं पद नाही, दर वाढवणं हे आहे. उद्दिष्ट असं: ‘दिवाळीपर्यंत आर्गन वेल्डिंग शिकायचं आणि केलेल्या दहा कामांचे फोटो जपून ठेवायचे.’ करिअर म्हणजे फक्त सरकारी नोकरी नाही, हे इथे लक्षात येतं.

*मिरचीचा व्यवसाय करू पाहणारी तरुणी.* नंदुरबारची मिरची बाजारपेठ प्रसिद्ध आहे. पथारीवर वाळणाऱ्या लाल मिरचीचे फोटो दरवर्षी व्हायरल होतात. मिरची पावडरचा छोटा उद्योग काढायचा असेल तर केंद्राची २०२० पासूनची सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना आहे. कर्जाशी जोडलेलं ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत अनुदान अशी तिची रचना आहे. अर्जाआधी योजनेची चालू मुदत पाहायला हवी. पण पहिलं उद्दिष्ट अनुदानाचं नसावं. ‘येत्या तीन आठवडी बाजारांत घरची २० किलो पावडर विकून कोणता दर मिळतो ते पाहायचं’ हे असावं.

अडथळा आधीच लिहून ठेवा

मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९९ मध्ये ‘जर-तर’ पद्धतीबद्दल लिहिलं. उद्दिष्टासोबत अडथळा आणि त्यावरची कृती आधीच ठरवली तर काम तडीस जाण्याची शक्यता वाढते.

सातपुड्यातल्या पाड्यावर हे असं दिसेल: ‘जर रात्री लाईट गेली, तर सकाळी अर्धा तास लवकर उठून तेवढंच पान वाचायचं.’ ‘जर नेटवर्क नसेल, तर बाजाराच्या दिवशी धडगावला व्हिडिओ डाउनलोड करून आणायचे.’ ‘जर घरचे ऊसतोडीला किंवा गुजरातला कामाला गेले, तर लहान भावंडांसोबत मामाकडे राहायचं, हे आधीच बोलून ठेवायचं.’

कागदपत्रं हेही उद्दिष्टच

देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात दिला गेला. तरीही या जिल्ह्यातल्या अनेकांची संधी आजही कागदावरच अडते.

राखीव जागेवरच्या प्रवेशासाठी आणि नोकरीसाठी जातीचा दाखला पुरत नाही. जात वैधता प्रमाणपत्रही लागतं आणि त्याला वेळ लागतो, कारण आजोबा-पणजोबांच्या शाळेतल्या नोंदींपर्यंत जुने पुरावे गोळा करावे लागतात. ज्या घरात आधीच्या पिढीतलं कुणी शाळेतच गेलं नाही, तिथे हे काम आणखी अवघड. म्हणून निकाल लागल्यावर धावपळ करण्यापेक्षा अकरावीतच याला तारीख लावणं शहाणपणाचं. ओबीसी आणि भटक्या-विमुक्त प्रवर्गातल्यांना नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्राची मुदतही पाहावी लागते. अनुसूचित जमातींना ते लागत नाही.

थांबायचं कधी?

हा प्रश्न कुणी विचारत नाही, पण सगळ्यात महागात तोच पडतो.

यूपीएससीला खुल्या प्रवर्गासाठी वयाची मर्यादा ३२ वर्षं आणि ६ संधी आहेत. ओबीसींसाठी ३५ वर्षं आणि ९ संधी. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांसाठी ३७ वर्षं, आणि त्या वयापर्यंत संधींची मर्यादाच नाही.

ही सवलत हक्काची आणि गरजेची आहे. पण तिचा एक अर्थ असाही होतो की नंदुरबारच्या आदिवासी तरुणाला नियम थांबवणार नाही. एकविसाव्या वर्षी सुरुवात केली तर सदतिसाव्यापर्यंत फॉर्म भरता येतो. ती सोळा वर्षं कशी वापरायची, हे त्यालाच ठरवायचं आहे.

म्हणून थांबण्याची तारीख सुरुवातीलाच लिहावी, मन शांत असताना. उदाहरणार्थ: ‘दोन पूर्वपरीक्षांत कटऑफच्या जवळही पोहोचलो नाही, तर पूर्णवेळ तयारी बंद. नोकरी धरायची आणि नोकरी करत परीक्षा द्यायची.’ यात परीक्षा सुटत नाही, फक्त घरावरचं ओझं उतरतं. भारुड यांचीही दुसऱ्या वेळची निवड हातात एक सेवा मिळाल्यानंतरची आहे.

हे घरच्यांना सांगणं तितकंच गरजेचं. ‘अजून एक वर्ष’ हे वाक्य आई-वडिलांनी चौथ्यांदा ऐकण्याआधी त्यांना पहिल्याच वर्षी तारीख माहीत असलेली बरी. पैसा त्यांचाही लागलेला असतो.

एका पानावर काय लिहायचं?

ॲप, डायरी, प्लॅनर यांची गरज नाही. वहीचं एक पान पुरतं. त्यावर सहा गोष्टी असाव्यात:

१. पाच वर्षांनंतरचं ध्येय, एका ओळीत.
२. त्याआधीच्या दोन-तीन पायऱ्या. प्रत्येकीपुढे एक प्रश्न: पुढचं काही झालं नाही तरी या पायरीवर पोट भरेल का?
३. येत्या तीन महिन्यांतलं एकच उद्दिष्ट, तारखेसह.
४. लागणारी कागदपत्रं आणि पैसे. प्रत्येकापुढे ते कोण आणणार याचं नाव.
५. दोन ‘जर-तर’ वाक्यं.
६. थांबण्याची किंवा वाट बदलण्याची तारीख.

पान पुन्हा कधी उघडायचं, हेही ठरवायला हवं. कॅलेंडर प्रत्येकाचं वेगळं असतं. नंदुरबारच्या डोंगराळ भागात दिवाळीनंतर कामाला बाहेर गेलेली माणसं होळीला गावी परततात. काठीची होळी पाहायला तर लांबून लोक येतात. सगळं घर एकत्र असतं, हिशेब होतात, पुढच्या हंगामाचं बोलणं निघतं. दिवाळी आणि होळी अशा दोन वेळा ते पान घरच्यांसमोर वाचून दाखवलं, तरी वर्षातून दोनदा खरा आढावा होतो. ज्या ओळीपुढे ‘झालं’ लिहिता आलं नाही, ती खोडायची की नव्या तारखेने पुन्हा लिहायची, हे तिथेच ठरवता येतं.